चक्रवाकाचे छायाचित्र

पाचवे तीर्थंकर श्री सुमतिनाथ भगवंतांचे लांछन कोणते, असे पाठशाळेतल्या मुलांना विचारले, तर उत्तर घराघरांप्रमाणे बदलते. श्वेतांबर घरातले मूल 'क्रौंच' म्हणते, दिगंबर घरातले 'चकवा'. चकवा म्हणजे चक्रवाक, आणि क्रौंच सामान्यतः करकोचांच्या कुळातला मानला जातो. या दोन्ही उत्तरांची प्रत्यक्ष भेट हिवाळ्यात एकाच पाण्याकाठी होऊ शकते, आणि ते पाणी जालन्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. मी पैठणच्या नाथसागराविषयी बोलतो आहे.

पैठणला आपल्यापैकी अनेकजण भगवान मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला जातातच. दर्शन, भोजन, थोडी पैठणीची चौकशी, आणि परत, असा आपला ठरलेला क्रम. धरण दिसते ते गाडीच्या काचेतून. वास्तविक 1976 साली पूर्ण झालेल्या या धरणामागचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर. माझी सूचना इतकीच, की क्रम उलटा करावा. जालन्याहून पहाटे पाचला निघावे, अंबड आणि पाचोड मागे टाकत सूर्य उगवताना पाण्याशी पोचावे, आणि दर्शनाला नंतर जावे. नवकारसी पाळणाऱ्यांना तर हा बेत फारच सोयीचा. सूर्योदयानंतरची 48 मिनिटे तोंडात काही घालायचे नसते. पक्ष्यांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी दिवसातला सर्वोत्तम प्रकाश नेमका तेव्हाच असतो. डबा उघडायची घाई नसलेली मंडळी अधिक पक्षी पाहतात, असा माझा अनुभव आहे. चौविहार असेल तर सूर्यास्तापूर्वी घरी परतून जेवणही उरकते.

चक्रवाक ओळखायला सोपा. केशरी-तांबूस अंग, फिकट डोके, उडताना पंखांवर ठळक पांढरा पट्टा. बहुधा जोडीने दिसतो. रात्री नदीच्या दोन तीरांवर विरहात रडणारी चक्रवाकाची जोडी संस्कृत काव्याने अजरामर केली, पण काठावर चिखलात चरणारी ती जोडी पाहताना विरहाचा मागमूस दिसत नाही. हा पक्षी लडाख-तिबेटकडे वीण करतो. त्याच्या अंगाचा रंग भिक्षूंच्या चीवरासारखा, म्हणून बौद्ध प्रदेशात त्याला पवित्र मानतात व कोणी त्रास देत नाही. आपल्याकडे आल्यावर मात्र तो फार सावध असतो. धोका जाणवला की सर्वांत आधी तोच ओरडतो, आणि मग सगळे पाणीच उठते.

डिसेंबरातल्या एका सकाळी असेच पाणी उठलेले पाहिले. एक तरुण मंडळी होडीतून आली होती. चांगले कॅमेरे, चांगले कपडे, बोलण्यावरून आपल्याच समाजातली वाटली. नावाड्याला सांगून त्यांनी होडी सरळ थव्यात घातली. शेकडो पक्षी एकदम आकाशात गेले, आणि कॅमेऱ्यांची टकटक ऐकू आली. काठावर उतरल्यावर त्यांच्यातला एकजण माझ्याशी गप्पा मारू लागला. मी हळूच विषय काढला, तर म्हणाला, "काका, उडाल्याशिवाय फोटोत मजा काय? आपण कुठे त्यांना मारतो आहोत?"

प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून मी त्याला व्यापाऱ्याच्या भाषेत उत्तर दिले. चक्रवाक हिमालय ओलांडून येतो आणि ओलांडूनच परत जातो. त्या प्रवासात साडेसहा हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. या प्रवासाचे भांडवल म्हणजे अंगातली चरबी, आणि ती जमा करण्याचा हंगाम म्हणजे आपला हिवाळा. शांतपणे चरणे ही जमा, विनाकारण उडणे हा खर्च. एका होडीने एकदा उडवले तर फारसे बिघडत नाही. पण रविवारी दहा होड्या आल्या आणि प्रत्येकीला उडतानाचेच चित्र हवे असले, तर मार्चमध्ये खाते काय दाखवील? मुलगा जरा गप्प झाला. मग त्याने कॅमेऱ्यातले चित्र मला दाखवले. चित्र सुंदरच होते, ते नाकारता येत नाही. अडचण तीच आहे. पाहणाऱ्याला पंखांचा सोहळा दिसतो, भय दिसत नाही.

उन्हाळ्यात हा हिशेब अधिक कडक होतो. पाणी मागे सरकते, कोरडे गाळपेर उघडे पडते, आणि टिटवी तिथेच खड्यांमध्ये अंडी घालते. बहुधा चार, खड्यांच्याच रंगाची. घरटे म्हणावे असे काहीच नसते. सुमारे चार आठवडे नर-मादी आळीपाळीने बसतात. ऊन वाढले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी थंड राखतात. आपण छायाचित्रासाठी जवळ उभे राहिलो, तर टिटवी उठून डोक्यावर ओरडत फिरते आणि अंडी एप्रिल-मेच्या उन्हात उघडी राहतात. मराठवाड्याच्या त्या उन्हात अर्धा तास पुरेसा आहे. साधु-साध्वींची ईर्यासमिती, म्हणजे पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, आपण प्रवचनात ऐकतो. अशा काठावर ती श्रावकालाही अक्षरशः लागू पडते. टिटवी ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे. घरटे आणि पिल्ले यांची चित्रे न काढण्याचा नियम तर जाणते छायाचित्रकारही पाळतात.

दुसरी एक सवय जीवदयेच्या नावाने चालते, म्हणून लिहिणे भाग आहे. काही जलाशयांवर कुरव पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी होडीतून शेव-गाठिया फेकतात. चित्र छान मिळते. पण मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तळलेले, खारट बेसन घालणे हे दान नव्हे. दान द्यायचे तर घेणाऱ्याचा आहार पाहून द्यावा, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्याच लोकांनी मारवाडात घालून दिले आहे. फलोदीजवळच्या खिचन गावात कांड्या करकोचे, तिकडच्या भाषेत कुरजां, हिवाळाभर हजारोंनी उतरतात. ते मुळातच दाणे टिपणारे. रतनलाल मालू यांच्यासारख्यांनी तिथे दाणे घालण्याचे काम निष्ठेने वाढवले. कुंपण घातलेल्या चुग्गाघरात धान्य पसरून माणसे बाजूला होतात. पक्षी आपले येतात, टिपतात, जातात. जून 2025 मध्ये खिचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हेच कांड्या करकोचे हिवाळ्यात नाथसागरावरही उतरतात. तेव्हा मूळ गावी जाणे जमत नसेल त्यांनी पैठणला जाऊन त्यांना भेटावे. मात्र दुर्बीण न्यावी, दाणे नेऊ नयेत. इथे त्यांना शेतांत पुरेसे मिळते.

ज्यांना पैठणही लांब वाटते त्यांच्यासाठी शहराजवळ घाणेवाडीचा तलाव आहे, आणि वाटेवरची शेते आहेत. नांगरामागे चालणारे गायबगळे, म्हशीच्या पाठीवर बसून किड्यांवर नजर ठेवणारा कोतवाल. गाडी थांबवून आतूनच चित्र घ्यावे. पक्षी माणसाला भितात तितके उभ्या गाडीला भीत नाहीत. काच खाली करून दारावर छोटी उशी ठेवली की हातही हलत नाही.

माझ्या संग्रहातले मला सर्वांत आवडते चित्र मात्र मोंढ्यातले आहे. दुपारची वेळ, आडतीच्या दुकानात वजनकाटा रिकामा, गादीवर मुनीमजी चष्मा कपाळावर चढवून रोजकीर्द लिहीत आहेत, आणि त्यांच्या पायाशी सांडलेल्या ज्वारीवर सात चिमण्या आहेत. त्यांतली एक तर चक्क त्यांच्या चपलेवर बसली आहे. मी साध्या मोबाइलवर ते टिपले. मुनीमजींनी वर पाहिले नाही, चिमण्यांनीही नाही.