रविवारची बाग आणि जमिनीचा बाजार

मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. १८६१ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला कामगार वस्तीतील माणूस आजही राणीची बाग याच नावाने ओळखतो. रविवारी सकाळपासून तिच्या फाटकाशी रांग लागते. कल्याण, विरार, मुंब्रा, मानखुर्द अशा दूरदूरच्या वस्त्यांतून कष्टकऱ्यांची कुटुंबे तेथे येतात. हातात चपाती-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, कडेवर लहान मूल, आणि आठवड्यातील एकुलत्या एका सुट्टीचा आनंद चेहऱ्यावर. झाडाखाली सतरंजी पसरून डबा उघडणे, मुलांना प्राणी दाखवणे आणि दिवस कलताना पुन्हा गाडीच्या गर्दीत शिरणे, एवढाच हा सोहळा. ऑगस्ट २०१७ मध्ये महापालिकेने या बागेचे प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून एकदम पन्नास रुपयांवर नेले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी शंभर रुपये ठरले. परदेशातून आणलेल्या पेंग्विनांसाठी व बागेच्या नूतनीकरणासाठी केलेल्या खर्चाचा भार अशा रीतीने त्या डबा घेऊन येणाऱ्या कुटुंबाच्या खिशावर पडला. ज्यांच्या वाढत्या संसारात दोन मुलांची मर्यादा पाळली गेली नाही, किंवा ज्यांच्याबरोबर म्हातारी आई असते, त्यांना तर शंभरातही भागत नाही.

ही बाब क्षुल्लक आहे, असे काहींना वाटेल. वेतन, महागाई, बेकारी हे प्रश्न समोर असताना बागेच्या तिकिटाची चर्चा कशाला, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीतही निघतो. परंतु बागेचा प्रश्न हा घराच्या प्रश्नाचाच एक भाग आहे, आणि घराचा प्रश्न हा जमिनीच्या मालकीचा प्रश्न आहे. हे तीन धागे एकत्र धरल्याखेरीज शहरांतील कष्टकऱ्यांचे आजचे हाल नीट उमगणार नाहीत.

चाळीची दुसरी खोली

गिरणगावातील खोली दहा बाय बाराची. तीत एक कुटुंब, बहुधा गावाहून आलेला एखादा भाऊ किंवा भाचा, आणि पाळीनुसार झोपणारी माणसे. ज्यांचे कुटुंब गावी असे, ते खाणावळीत जेवत आणि गाळ्यात वीस-पंचवीस जणांच्या संगतीने राहत. अशा घरात मुलांनी खेळायचे कोठे, नवविवाहितांनी बोलायचे कोठे, म्हाताऱ्यांनी टेकायचे कोठे? कामगाराच्या घराला जे अंगण नव्हते, ते त्याला सार्वजनिक बागेत आणि मैदानात मिळत होते. श्रीमंताच्या बंगल्याभोवती स्वतःचा बगीचा असतो. कामगाराची बाग ही त्याच्या चाळीची दुसरी खोली होती. घर जेवढे लहान, तेवढी बागेची गरज मोठी, हा साधा हिशेब आहे.

आज हा हिशेब नेमका उलटा झालेला दिसतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत प्रत्यक्ष लोकांच्या वापरात असलेली जागा दरडोई दोन चौरस मीटरही भरत नाही. त्यातही जेथे घरे मोठी, तेथे बागा अधिक व निगराणी चांगली. जेथे झोपड्या दाट, तेथे विकास आराखड्यातील बागेचे आरक्षण केवळ कागदावर.

एका फटक्यात बाग आणि घर

हे आपोआप घडलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप चिरडला गेला, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि मालकांच्या लक्षात आले की सूत विकण्यापेक्षा सुताच्या कारखान्याखालची जमीन विकणे अधिक फायद्याचे आहे. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला बागा, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक मालकाला. २००१ साली राज्य सरकारने नियम बदलला. संपूर्ण जमिनीचे वाटे करण्याऐवजी केवळ ज्या जमिनीवर बांधकाम नाही, तेवढीच वाटणीला घ्यावी असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? शेड, गोदामे, चिमण्या यांखालची सारी जमीन मालकाच्या पदरात पडली. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. त्यापूर्वीच, २००५ साली, सार्वजनिक मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढून दोन हजार कोटींहून अधिक रुपये उभे केले होते.

या इतिहासातील एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नियमातील एका शब्दाच्या फिरवाफिरवीने कामगाराची बाग आणि कामगाराचे घर एकाच वेळी गेले. दोहोंचा शत्रू एकच होता.

बागेचा खंड कोणाच्या खिशात?

आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या जाहिरातींत उद्यानाभिमुख सदनिका म्हणून वेगळा आणि चढा भाव सांगितला जातो. हा भाव कोठून येतो? बाग महापालिकेच्या पैशातून, म्हणजे साऱ्या शहराच्या करातून तयार झाली. तिची झाडे माळ्यांनी आणि सफाई कामगारांनी जगवली. बांधकाम कंपनीने त्यात एक रोपही लावलेले नाही. तरीही त्या झाडांची सावली तिच्या खात्यात लाखो रुपयांच्या रूपाने जमा होते. मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात जमिनीच्या खंडाचे जे विश्लेषण केले आहे, त्याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. समाजाच्या श्रमाने जमिनीची किंमत वाढते आणि जमिनीचा मालक केवळ मालक असल्याच्या अधिकाराने ती वाढ गिळतो.

भांडवलशाहीला हे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ १८४७ साली खुले झालेले बर्कनहेड उद्यान हे सार्वजनिक पैशातून उभारलेल्या पहिल्या उद्यानांपैकी एक. त्याच्या सभोवतालचे भूखंड श्रीमंतांच्या घरांसाठी विकून बागेचा खर्च वसूल करण्यात आला. तीच बाग पाहून गेलेल्या ओल्मस्टेडने पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची रचना केली. त्या उद्यानासाठी १८५७ साली सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठवण्यात आली. आज सेंट्रल पार्कच्या कडेची घरे जगातील सर्वात महाग घरांत मोडतात. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी तोच प्रयोग या काळात झाला. नदीकाठच्या दहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना शहराच्या कडेला वाटवा, ओढव अशा ठिकाणी धाडण्यात आले, आणि त्यांच्या झोपड्यांच्या जागी फिरण्याचे रस्ते व बागा आल्या. २०२२ साली तेथे बांधलेल्या पादचारी पुलावर जाण्यास तीस रुपयांचे तिकीट लावले गेले. कुटुंबांना हाकलून कौटुंबिक सहलीचे स्थळ उभारायचे, ही या व्यवस्थेची रीतच आहे.

ऐंशी किलोमीटरवरचा हक्क

ज्यांनी गिरणगाव वसवले, त्यांचे काय झाले? घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज भरले. २०१२ पासून सोडती निघाल्या, पण घर मिळालेल्यांची संख्या अर्जांच्या मानाने अगदीच थोडी. कित्येक कामगार वाट पाहता पाहता वारले. २०२४ च्या शासन निर्णयाने उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे पाठवण्याची योजना पुढे आली. ही गावे बदलापूरच्या पलीकडे, मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये हजारो गिरणी कामगार आणि त्यांचे वारस पावसात आझाद मैदानावर जमले, ते हेच सांगण्यासाठी की घर मुंबईतच हवे. बाजाराच्या भाषेत घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, म्हणून ते कोठेही दिले तरी चालते. कामगाराच्या दृष्टीने घर म्हणजे त्याचे काम, मुलांची शाळा, इस्पितळ, शेजार, आणि रविवारची बागसुद्धा.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर दोन चुकीच्या भूमिका वारंवार पुढे येतात. पहिली भूमिका सुखवस्तू पर्यावरणप्रेमींची. त्यांना बाग हवी, पण बागेच्या आड येणारी झोपडी नको. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा ही दृष्टी उघड झाली. तेथील जंगल वाचायला हवे होते, यात संशय नाही. परंतु माणसे जंगलात का राहायला आली, त्यांना शहरात परवडणारी जागा का मिळाली नाही, हा प्रश्न त्या दृष्टीला पडत नाही.

दुसरी चूक चळवळीतल्या काहींची. बाग ही मध्यमवर्गीय चैन आहे असे समजून ते तो प्रश्न मध्यमवर्गावर सोपवून देतात. परिणामी मैदाने दत्तक देण्याच्या नावाखाली पुढाऱ्यांच्या क्लबांच्या घशात जातात आणि त्याविरुद्ध लढणाऱ्यांत कामगार दिसत नाही. आठ तासांच्या दिवसाची लढाई देताना कामगारवर्गाने आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी मागितले होते. त्या स्वतःच्या तासांना जागा लागते. स्त्रियांना तर ती अधिकच लागते. घरकाम आणि मजुरी यांच्या कात्रीत सापडलेल्या बाईला उघड्या आभाळाखाली निवांत बसण्याचा तास बागेखेरीज कोठे मिळणार?

शक्य काय आहे

दुसरा मार्ग नाही असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या कामगारपक्षीय महापालिकेने १९२३ पासून घरांवर चढत्या दराचा कर बसवला. त्याचा मोठा बोजा बंगलेवाल्यांवर पडला. १९३४ पर्यंत साठ हजारांच्या घरात सदनिका बांधल्या गेल्या. त्यांतील कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची. तिच्या जमिनीचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नव्हता, बाकी बागा, अंगणे आणि मुलांच्या खेळाच्या जागा. फेब्रुवारी १९३४ मध्ये प्रतिगामी सरकारच्या तोफा याच वसाहतीवर चालल्या. राज्यसत्ता शत्रूच्या हाती ठेवून केलेल्या सुधारणा किती टिकतात, हा धडा त्या घटनेने दिला. एंगल्सने १८७२ मध्ये ‘घरांचा प्रश्न’ या लेखमालेत हेच बजावले होते: भांडवलशाही वस्तीचा प्रश्न सोडवत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलते.

परंतु अंतिम उत्तर क्रांतीत आहे म्हणून आजचा लढा सोडून द्यावा, असा त्याचा अर्थ नाही. सोलापुरात कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे लढून गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली ती घरे त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतर झाले. फीत कापण्याचे श्रेय सत्ताधारी घेवोत, पण ती घरे संघटनेने मिळवली आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सार्वजनिक उद्याने व मैदाने कष्टकऱ्यांना विनामूल्य खुली असावीत आणि ती खासगी संस्थांच्या हवाली करू नयेत. सार्वजनिक खर्चाने जमिनीच्या किमतीत होणारी वाढ करारूपाने वसूल करून ती घरांवर खर्च व्हावी. सार्वजनिक मालकीची एक एकर जमीनही लिलावात जाऊ नये. गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळावीत. विकास आराखड्यात आरक्षित असलेली प्रत्येक बाग प्रत्यक्षात आली की नाही, हे आपापल्या प्रभागात तपासणे हे मुंबईप्रमाणेच इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर अशा प्रत्येक शहरातील पक्षशाखेचे काम आहे.

राणीच्या बागेत रविवारी सतरंजी पसरणारे कुटुंब संध्याकाळी ज्या गाडीने परतते, ती गाडी दरवर्षी अधिक लांब जात आहे. तिला थांबवण्याचे काम बाजार करणार नाही. ते संघटित कामगारवर्गालाच करावे लागेल.