रात्री दोनचं काम झालं का?

धानोऱ्याकडच्या एखाद्या गावात तुमचं घर असेल, तर बाळंतिणीच्या घरी येणाऱ्या आशाताई तुम्ही पाहिल्या असतील. त्या सवड मिळाली की येतात असं नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. घरी जाऊन नवजात बाळाला तपासायची ही पद्धत आपल्याच तालुक्यातल्या शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले, तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद होती. यात दिवस ठरलेले आहेतच, पण प्रत्येक भेटीचा फॉर्मही भरायचा असतो आणि गटप्रवर्तक तो तपासतात. भेट झाली का, हे विचारणारं कुणीतरी आहे.

आमच्या सर्व्हरला असं विचारणारं कुणीच नव्हतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी म्हाताऱ्या माणसांची गोंडी गाणी रेकॉर्ड केली. भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला आणि रोज रात्री त्यातल्या फाइल्सची दुसरीकडे कॉपी व्हावी म्हणून क्रॉन लावला. क्रॉन म्हणजे १९७०च्या दशकात युनिक्सबरोबर आलेला घड्याळवाला. त्याला एका ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार सांगायचा. शून्य, दोन आणि पुढे तीन चांदण्या लिहिल्या की रोज रात्री दोन वाजता काम सुरू. आमचं मात्र सकाळी साडेसातला सुरू व्हायचं, कारण सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते कळायलाच आठवडा गेला.

पुढे आम्ही सर्व्हर बदलला. फाइल्स नेल्या, वेबसाइट नेली, क्रॉनची ती ओळ राहिली. ती एका मित्राच्या लॉगिनखाली होती आणि मित्र नोकरीला नागपूरला गेलेला. १९ दिवस कॉपी झालीच नाही. मग डिस्क बिघडली. एका आजीची दोन गाणी गेली. फोनमधली मूळ रेकॉर्डिंग जागा करायला आम्हीच पुसली होती. आजीचा आवाज आता बसलाय, पुन्हा गा म्हणायचं तोंड आमच्याकडे नाही.

अशा वेळी अन्सिबल कामाला येतं. मायकेल डीहान यांनी २०१२ साली ते आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं, पण तुम्हाला ते आजही फुकट मिळतं. कोणत्या सर्व्हरवर कोणतं काम किती वाजता, हे साध्या फाइलमध्ये लिहायचं. तिला प्लेबुक म्हणतात. अन्सिबल एसएसएचने आत जाऊन तसं लावून देतं, आणि दहादा चालवलं तरी तीच ओळ दहादा चिकटवत नाही. नवा सर्व्हर आला की तेच प्लेबुक चालवा. ओळ कुणाच्या लॉगिनमध्ये आहे हे शोधत बसावं लागत नाही.

एक खोच आहे, इथे बरेच जण फसतात. अन्सिबल आपली ओळ ओळखतं ती तुम्ही कामाला दिलेल्या नावावरून. तुम्ही ‘बॅकअप’चं ‘रात्रीचा बॅकअप’ केलंत, की जुनी ओळ राहते आणि नवी वाढते. दोन्ही चालतात. प्लेबुकमधून नुसता मजकूर खोडूनही काम थांबत नाही. ते ‘ॲबसेंट’ असावं असं लिहून एकदा चालवावं लागतं.

पण अन्सिबल फक्त काम लावून देतं. काम झालं का, हे त्याला ठाऊक नसतं. गिटलॅबसारखी कंपनीही इथेच अडकली. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसच्या फाइल्स पुसल्या गेल्या. बॅकअप शोधायला गेले तर रोजचं काम आवृत्ती न जुळल्याने फसत होतं. फसल्याची ई-मेल निघत होती, पण तीही नाकारली जात होती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं.

आणि आपल्याकडे तर लाइन जाते. दोन वाजता लॅबमधलं मशीन बंद असेल, तर क्रॉन ते काम नंतर भरून काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन लावा. कामाच्या शेवटी तारीख एका फाइलमध्ये लिहायला लावा, आणि ती तारीख शिळी झाली की दुसऱ्या मशीनने तुमच्या फोनवर ओरडावं अशी सोय करा. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल खरंच उघडून पाहा.

माझं म्हणणं एवढंच की हे अभ्यासक्रमात हवं. आपल्याला वेबसाइट बनवायला शिकवतात, ती सहा महिने चालती ठेवायला नाही. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सरांनी रंगसंगतीऐवजी ‘काल रात्रीचा बॅकअप दाखवा’ म्हणावं. निम्मा वर्ग गप्प बसेल. मागच्या वर्षी आम्हीही बसलो असतो.

आमच्या प्लेबुकमध्ये सध्या चार कामं आहेत. त्यातलं एक कशासाठी आहे, हे नागपूरच्या मित्रालाही आठवत नाही. ते या रविवारी काढतोय, आधी बॅकअप उघडून बघून.