काकडी ‘पॉझिटिव्ह’ आली, पण दोषी मेथी निघाली! विषबाधेचं कारण लॅब कसं शोधते?

लग्नाच्या जेवणातून विषबाधा, वसतिगृहातल्या मुलांना उलट्या-जुलाब... अशा बातम्यांचं शेवटचं वाक्य आपल्याला पाठच झालंय : ‘अन्नाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले आहेत.’ पुढे काय होतं? आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे गुन्हेगार सापडला, असं समजायचं का?

याचं उत्तर समजून घ्यायला जर्मनीतलं २०११ सालचं प्रकरण बघूया.

एका रिपोर्टने काकडी बदनाम

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत लोक रक्ती जुलाबांनी आजारी पडू लागले. अनेकांच्या किडन्या बंद पडायला लागल्या. कारण होतं ई. कोलाय या जिवाणूचा एक घातक प्रकार, ओ१०४:एच४. साथ संपेपर्यंत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त जणांचा जीव गेला.

२६ मे रोजी हॅम्बुर्गच्या लॅबने जाहीर केलं, की स्पेनहून आलेल्या काकड्यांमध्ये घातक ई. कोलाय सापडला आहे. झालं! युरोपभर स्पेनच्या भाजीकडे लोकांनी पाठ फिरवली, शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. पाचच दिवसांनी, ३१ मे रोजी, पुढच्या तपासणीत कळलं की काकडीवरचा ई. कोलाय वेगळाच होता. रुग्णांच्या पोटातल्या जिवाणूशी तो जुळत नव्हता. युरोपीय संघाला भाजी उत्पादकांसाठी २० कोटी युरोंहून जास्त भरपाई मंजूर करावी लागली.

लॅब खोटं बोलली नव्हती. काकडीवर जिवाणू होता, हे खरंच होतं. पण ‘इथे जिवाणू आहे’ आणि ‘याच जिवाणूने माणसं आजारी पडली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

लॅबमध्ये नेमकं काय होतं?

पहिली पद्धत जुनी : कल्चर. अन्नाचा थोडा भाग पोषक द्रवात ठेवून जिवाणू वाढू द्यायचे आणि मग ओळखायचे. याला काही दिवस लागतात. दुसरी पीसीआर, म्हणजे कोरोनाच्या स्वॅबसाठी वापरली तीच. ती जिवाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा काही तासांत शोधते. तिसरी, जिनोम सिक्वेन्सिंग : जिवाणूचा जवळजवळ संपूर्ण डीएनए वाचायचा. अन्नातला आणि रुग्णातला जिवाणू एकाच घराण्यातले आहेत का, हे सर्वात नेमकं यातूनच कळतं. २०११ मध्ये चीनच्या बीजीआय संस्थेने या जिवाणूचा जिनोम काही दिवसांत वाचून डेटा सगळ्यांसाठी खुला केला आणि जगभरचे संशोधक त्यावर तुटून पडले.

पण यातली कुठलीही पद्धत फक्त समोर आलेला नमुना तपासते. विषारी घास कधीच खाऊन संपलेला असेल, तर मशीन तरी काय करणार? शिवाय काही वेळा जिवाणू मरतो आणि विष मागे राहतं. स्टॅफिलोकॉकसचं विष अन्न पुन्हा गरम करूनही टिकतं. तिथे कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. विषाची वेगळी टेस्ट करावी लागते.

फोटो आणि बिलांनी केस फोडली

या ई. कोलायची लक्षणं दिसायला साधारण आठ दिवस लागत होते. आठ दिवसांपूर्वी सॅलडमध्ये काय काय होतं, तुम्हाला आठवेल का? एका पाहणीत जेमतेम २५ टक्के रुग्णांना मोड आलेली धान्यं खाल्ल्याचं आठवलं.

मग रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूटच्या टीमने एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेले ग्रुप गाठले. आठवणीवर विसंबण्याऐवजी त्यांनी ऑर्डरच्या याद्या, बिलं आणि जेवताना काढलेले फोटो तपासले. कोणत्या डिशमध्ये काय पडतं, हे आचाऱ्याला विचारलं. मोड खाणाऱ्यांमध्ये आजाराचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. दुसरीकडे, पुरवठ्याची कागदपत्रं जुळवल्यावर ४१ ठिकाणच्या रुग्णांचे धागे लोअर सॅक्सनीतल्या एकाच शेतावर पोचले. पुढे फ्रान्समध्येही तोच जिवाणू सापडला आणि दोन्हीकडचा समान दुवा निघाला इजिप्तहून आलेलं मेथीचं बी.

गंमत म्हणजे, शेतावरच्या नमुन्यांत हा जिवाणू सापडलाच नाही. आजारी कुटुंबाच्या कचऱ्यातल्या एका पाकिटातल्या मोडांवर तो मिळाला, पण पाकीट फोडलेलं असल्यामुळे तो पुरावाही पक्का नव्हता. तरीही १० जूनला सरकारने मोड खाऊ नका, असं सांगितलं. ते बरोबर ठरलं.

आपल्याकडे काय?

भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अधिकारी घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण हा अहवाल त्या नमुन्यापुरता बोलतो. टोप घासून टाकलं, उरलेलं अन्न फेकलं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या स्वयंपाकाचा नमुना गेला, तर ‘काही सापडलं नाही’ याला क्लीन चिट म्हणता येत नाही.

म्हणूनच तुमचा फोन इथे कामाचा आहे. बाहेर खाऊन त्रास झाला तर आधी डॉक्टर. रक्त पडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर थांबूच नका. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी देता येईल का, हेही विचारा. मग बिल, ऑर्डर हिस्टरी आणि पाकिटावरच्या बॅच नंबरचा फोटो जपून ठेवा. उरलेलं अन्न स्वच्छ डब्यात बंद करून, नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. कुणी चुकून खाणार नाही, हे बघा. सोबत कोण जेवलं, कुणी काय खाल्लं आणि कुणाला कधी त्रास सुरू झाला, हेही लिहून काढा. आजारी न पडलेल्यांची नावंही त्यात हवीत, कारण तुलना त्यांच्याशीच होते. तक्रार एफडीएकडे किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर करता येते.

आणि तोवर ‘अमुक हॉटेलमुळेच झालं’ हा फॉरवर्ड पुढे ढकलू नका. स्पेनच्या काकडीवाल्यांकडे तर चक्क लॅबचा रिपोर्ट होता, तोही त्यांच्या विरोधात. तरी ते निर्दोष निघाले.