हृद्रोग्याची नाडी मोजावी, मगच औषध द्यावे

हृद्रोगाचा विषय निघाला की आपली चर्चा मेद, आम आणि धमनीतील अवरोध यांपाशीच थांबते. हृदयाच्या रक्तपुरवठ्यावर चेतासंस्थेचाही अंमल असतो, याचा विसर पडतो. वास्तविक हा विचार आपणांस परका नाही. वाग्भटाचार्यांनी मूर्धस्थ प्राणवायूला हृदयाचे धारण करणारा म्हटले आहे, तर व्यानवायूचे स्थान हृदय सांगितले आहे. ही वर्णने म्हणजे आधुनिक शरीरक्रियाविज्ञान होय, असा आमचा दावा नाही. परंतु शिर आणि हृदय यांचा संबंध चिकित्सेत विसरू नये, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

विश्रांतीच्या वेळी हृदयाच्या स्नायूला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर रक्त मिळते. त्यातील सुमारे ७० टक्के ऑक्सिजन तो तेव्हाच घेत असतो. त्यामुळे श्रम वाढले की रक्तप्रवाहच वाढवावा लागतो. डाव्या जवनिकेला हे रक्त मुख्यतः प्रसरणकाळात मिळते, कारण आकुंचन पावताना स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबतो. मिनिटाला ७५ ठोके असता एक चक्र ०.८ सेकंदाचे, त्यात प्रसरण सुमारे अर्ध्या सेकंदाचे. ठोके १२० झाले की चक्रच अर्ध्या सेकंदावर येते आणि कात्री मुख्यतः प्रसरणकाळाला लागते.

भय, क्रोध वा श्रम यांमुळे अनुकंपी चेतातंतू ठोके वाढवितात. निरोगी हृदयात स्थानिक चयापचयामुळे वाहिन्या विस्फारतात आणि पुरवठा वाढतो. अवरुद्ध धमनीत ही राखीव क्षमता उरत नाही. गरज वाढते, वेळ घटतो आणि हृच्छूल उद्भवतो. ठोक्यांना आवर घालण्याचे कार्य प्राणदा नाडीचे.

आता आपल्या व्यवहाराकडे पाहू. द्वारका परिसरातील आमच्या चिकित्सालयात एक हृद्रोगी आले. अर्जुनारिष्ट सुरू केल्यावर त्यांनी बीटा ब्लॉकरची गोळी परस्पर बंद केली होती, नाडी ११२. अर्जुन हृद्य खरा, पण तो त्या गोळीची जागा घेत नाही. ती एकाएकी थांबविल्यास अनुकंपी चेतासंस्थेचा जोर उसळतो आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

दुसरे उदाहरण कनकासवाचे. तमकश्वासात तो योग्य मात्रेत उपयुक्त आहे. परंतु धत्तूरातील ॲट्रोपिनसदृश द्रव्ये प्राणदा नाडीचा प्रभाव कमी करतात आणि मात्रा वाढल्यास ठोके वाढतात. धत्तूर औषध नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे आणि वैद्यकीय देखरेखीखालीच औषध घेण्याची सूचना लेबलवर छापणे बंधनकारक आहे. तरीही बाटली मागताक्षणी मिळते.

म्हणून औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती की, असे औषध देण्यापूर्वी हृद्रोगाविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा. वैद्यमित्रांनी नाडीच्या गतीबरोबर तिची संख्याही नोंदवावी, रुग्णाची चालू औषधे पाहावीत आणि त्यांत बदल हृद्रोगतज्ज्ञांशी बोलूनच करावा. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. आपल्या द्रव्यांच्या सामर्थ्याची जाण ठेवणे हेच खरे वैद्यत्व होय.