खारपाणपट्ट्याला नुसते बियाणे तारणार नाही

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते बिनधास्त पिकाला देता येत नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतील शेती म्हणूनच मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते. क्षार सोसणारे वाण आले की हा प्रश्न सुटेल, अशी आशा नेहमी व्यक्त होते. ती चुकीची नाही. पण रोपाच्या पेशीत काय घडते हे पाहिले, तर ती अपुरी ठरते.

क्षारांचा मार दुहेरी असतो. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते. जमीन ओली असूनही रोप तहानलेले राहते. पाठोपाठ सोडियम पेशीत शिरतो. पेशीतील अनेक विकरांना पोटॅशियम लागते. सोडियम त्याची जागा अडवतो, पण त्याचे काम करत नाही.

रोपही स्वस्थ बसत नाही. सोडियम वाढताच पेशीतील कॅल्शियमची पातळी काही सेकंदांत चढते. हा धोक्याचा इशारा एक प्रथिन ओळखते, ते दुसऱ्याला जागे करते आणि दुसरे पेशीपटलावरील ‘एसओएस-१’ या प्रथिनाला कामाला लावते. हे प्रथिन सोडियम बाहेर टाकते. आत उरलेला काही सोडियम पेशीतील रिक्तिकेत कोंडला जातो. पाणी धरून ठेवण्यासाठी पेशी प्रोलिनसारखी द्रव्येही तयार करते.

यातले काहीच फुकट होत नाही. दाणे भरण्यासाठी लागणारी ऊर्जा मीठ उपसण्यात खर्ची पडते. कपाशी हा ताण बराच सोसते, हरभरा लवकर हार मानतो. पण सोसणे म्हणजे तग धरणे; भरघोस पिकणे नव्हे. शिवाय मुळांनी बाहेर टाकलेला सोडियम जातो कुठे? पुन्हा त्याच मातीत. सोडियममुळे काळी माती फुगते, तिची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. ही माती मोकळी करणारे जनुक कुठल्याही बियाण्यात नाही.

ते काम जिप्समचे आहे. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो. मात्र सुटलेला सोडियम खाली वाहून न्यायला गोडे पाणी हवे आणि त्या पाण्याला वाट हवी. म्हणून माती परीक्षणानुसार जिप्सम, पावसाचे पाणी साठवणारी शेततळी आणि निचऱ्याचे चर यांचा एकत्रित विचार झाला पाहिजे. यातले एक दिले आणि दुसरे राहिले, तर खर्च वाया जातो.

अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. वाणांवरील संशोधन थांबता कामा नये. पण सोशिक बियाणे हाती आले म्हणून खारे पाणी उपसायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. पेशी आपल्या परीने लढतेच. तिच्याभोवतीची माती सुधारणे हे मात्र माणसांचे आणि सरकारचे काम आहे.