मरुभूमींतील जलाशय आणि मासळीचें पीक

धरण म्हटलें कीं आम्हां शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढें पाट, चारी आणि ऊस हींच उभीं राहतात. खुद्द जलाशयांतहि एक पीक निघतें, ह्याचें स्मरण क्वचितच होतें. त्या पिकाचें मर्म जाणावयाचें असल्यास मिसर देशांतील आस्वानच्या उंच धरणाकडे पाहावें.

१९६० सालीं आरंभिलेलें हें काम १९७० सालीं पुरें झालें, आणि जेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं अशा वाळवंटांत सुमारें ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय झाला. त्यापायीं मिसर व सुदान मिळून सुमारें एक लक्ष न्यूबियन लोकांचीं गांवें उठलीं. ह्या पाण्यांतील मासळींत तिलापियाचा वाटा मोठा आहे. हा मासा कांठच्या उथळ खाड्यांत वितो. पाणी ओसरलें कीं त्याची विणीची जागाच उघडी पडते. १९८१ सालीं तेथें सुमारें ३४,००० टन मासळी निघाली. पुढें तें प्रमाण टिकलें नाहीं. उलट, पुराबरोबर समुद्रास मिळणारें खत अडल्यामुळें नाईलच्या मुखाजवळची सार्डिन मासळी १९६२ सालच्या सुमारें १८,००० टनांवरून १९६८ पर्यंत एक हजार टनांच्याहि खालीं आली. एकाचें ताट भरतांना दुसऱ्याचें रितें झालें.

हें दूरचें वर्तमान आमच्या दारचेंच आहे. भीमेवरील उजनी जलाशयांत आफ्रिकेंतून आलेला हाच तिलापिया 'चिलापी' ह्या नांवानें विकला जातो. तेथेंहि उन्हाळ्यांत मृत साठ्यांतून पाणी उपसलें जातें. २०२४ सालीं तसेंच घडलें. पिकास पाणी प्रथम, हें आम्हांस मान्य आहे; शेतकऱ्यानें तें नाकारावें तरी कसें? परंतु तळ गांठेपर्यंत उपसा करणें म्हणजे बियाण्याची कणगी फोडून खाणें होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जलाशयांत किती पाणी राखावयाचें हें ठरवितांना मासेमारांसहि विचारावें. विणीच्या दिवसांत जाळें बंद असावें, आणि बारीक आसाचें जाळें तर बाराहि महिने. मासेमारीच्या हक्कांत, ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांस अग्रमान मिळावा. आणि गाळपेर करणाऱ्या आमच्या बंधूंनीं कांठच्या पिकावर विषारी औषधें फवारूं नयेत. पहिल्या पावसांत तें विष पाण्यांत उतरतें, व तेंच पाणी आपलीं गुरें पितात.

नियम सरकार करील. परंतु कांठावर उभा राहतो तो शेतकरीच. बी राखून ठेवण्याची रीत त्यास कोणीं शिकवावयास नको. शेतांत जी पाळतों, ती पाण्यांतहि पाळावी, इतकेंच आमचें मागणें आहे.