पेशींचे ब्रेक

आमच्या मेसमध्ये कुठल्या ना कुठल्या टेबलावर च्यवनप्राशचा नाहीतर पावडरचा डबा असतोच. वर लिहिलेलं, ‘इम्युनिटी वाढवा!’ मित्रांनो, माझं भांडण त्या ‘वाढवा’शी आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे काय बाइकचे सीसी आहेत?

ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशियन्सी नावाचा एक दुर्मीळ, जन्मजात आजार आहे. या बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा खूप जास्त असतात. तरी जखमा चिघळतात, आणि त्यांत पू होत नाही! पू म्हणजे तिथवर जाऊन, लढून मेलेल्या पेशी. इथे त्या पोचतच नाहीत. नाळसुद्धा उशिरा गळते. बिघाड असतो सीडी-१८ या एका प्रोटीनमध्ये.

मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत, इंजिन आहे, ब्रेक नाहीत. रक्त वेगाने वाहतं. सिलेक्टिन नावाची प्रोटीन्स पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीशी हलकेच धरतात, ती गडगडत पुढे जाते. सुजेच्या जागी रासायनिक इशारा मिळाला, की तिच्या अंगावरची मिटलेली इंटिग्रिन्स उलगडतात, घट्ट पकडतात, आणि पेशी भिंतीतून बाहेर पडते. गर्दीच्या लोकलमध्ये दाराकडे सरकत सरकत नेमक्या स्टेशनवर उतरतात ना, तसं. भलत्याच स्टेशनवर उतरली तर पंचाईत.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये तेच होतं. पेशी मेंदूत शिरून नसांचं आवरण कुरतडतात. नॅटालिझुमॅब हे औषध त्यांच्या एका इंटिग्रिनलाच झाकतं. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबली. मेंदूतला पहारा उठला, आणि एरवी निपचित पडून असणारा जेसी व्हायरस काही पेशंटांच्या मेंदूत माजला. माणसं दगावली.

जून २००६ मध्ये कडक देखरेखीखाली ते परत आणलं. कंपनीचा फायदा झाला असेलच, पण मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्याचे पाय दर अटॅकला थोडे थोडे जातायत, त्याला धोका समजावून सांगून निवडू द्यायला हवं. शिवाय पुढे जेसी व्हायरसच्या अँटीबॉडीची टेस्ट आली, धोका कोणाला जास्त ते आधी कळू लागलं. सोरायसिसवरचं एफालिझुमॅब असंच दुसरं इंटिग्रिन अडवायचं, त्यानेही हाच मेंदूचा आजार झाला. ते २००९ मध्ये बाजारातून गेलं, तेही मला पटतं. सोरायसिसला दुसरी औषधं होती.